बार्टलेट लॅफीने याझू सिटीत नेमकं केलं काय? एक 12 पौंडी तोफ, एक चिरफाळलेली ठासणी आणि तीन पदकं

प्रश्न असा आहे: आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या बार्टलेट लॅफी या नाविकाला अमेरिकन यादवी युद्धात, फुटून निघालेल्या दक्षिणेविरुद्ध उत्तरेच्या बाजूने लढताना, मेडल ऑफ ऑनर हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच्या प्रशस्तीत सांगितलंय ते थोडक्यात एवढंच, की 5 मार्च 1864 रोजी मिसिसिपी राज्यातल्या याझू सिटीला मार्मोरा जहाजावरची 12 पौंडी हॉवित्झर (आखूड नाळेची तोफ) गाड्यासकट घेऊन तो उतरला, आणि शत्रूच्या गोळ्यांनी गाडा व ठासणी छिन्नविच्छिन्न झाली तरी तोफेपाशी ठाम राहिला. यात एवढं शौर्य कुठे दिसतं? नाविक माणूस जमिनीवर काय करत होता? आणि ठासणीसारख्या दांडक्याचा मुद्दाम उल्लेख कशाला?

शेवटच्या प्रश्नात बाकीच्या दोन्हींचं उत्तर दडलंय. ठासणी म्हणजे तोफेच्या तोंडातून दारू आणि गोळा आत ढकलायचा लांब दांडा. तो तोंडातच घालावा लागतो, म्हणजे तो हाताळणारा माणूस तोफेच्या पुढे, शत्रूच्या बाजूला उभा असतो. ठासणीला गोळी लागली याचा सरळ अर्थ, ती धरणाऱ्या माणसापासून हात-दीड हातावरून गोळ्या जात होत्या. हे डोक्यात ठेवून प्रशस्ती पुन्हा वाचा.

आधी माणूस. लॅफीचा जन्म 1841 चा, गॉलवेचा. म्हणजे 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढची सहा-सात वर्षं दुष्काळाने देश रिकामा केला, तेव्हा तो चार वर्षांचा पोर. पदकाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे मॅसॅच्युसेट्स राज्य लावलंय. मार्च 1862 मध्ये तो नौदलात भरती झाला. उत्तरेच्या नौदलात दर पाच नाविकांमागे साधारण एक आयर्लंडमध्ये जन्मलेला होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, तेव्हा त्याचं तिथे असणं काही नवलाचं नव्हतं. बोटीत समुद्राचा अजिबात अनुभव नसलेल्याला लँड्समन म्हणून घेत आणि महिन्याला 12 डॉलर देत. सीमन हा दर्जा सराईत नाविकाचा, पगार 18 डॉलर. लॅफीचा दर्जा प्रशस्तीत सीमन असा आहे. दोर, गाठी, कप्प्या, वजन उचलणं-सरकवणं हे हातात बसलेला माणूस, आणि त्या दिवशी हीच कला कामाची होती.

आता नाविक जमिनीवर का, ते. मार्मोरा हे समुद्री जहाज नव्हतंच. पेनसिल्व्हेनियात 1862 साली बांधलेली, मागे एकच मोठं चाक असलेली ती नदीतली आगबोट. नौदलाने त्याच वर्षी सेंट लुईसला ती विकत घेतली, पातळ पत्रा मढवला आणि हॉवित्झर तोफा चढवल्या. अशा बोटींना तेव्हा 'टिनक्लॅड' म्हणत. पत्रा बंदुकीची गोळी अडवण्यापुरता. खरी तोफ लागली तर आरपार. पण तळ उथळ, पाच फुटांहून कमी पाण्यात तरंगणारा, त्यामुळे मिसिसिपीच्या लहान फाट्यांतही ती शिरायची. डिसेंबर 1862 मध्ये याच याझू नदीत पाणसुरुंग शोधायला गेलेल्या ताफ्यात मार्मोरा होती. तिच्यासोबतची कैरो ही भारी चिलखती बोट 12 डिसेंबरला सुरुंगाने बुडाली, जेमतेम बारा मिनिटांत. जीवितहानी मात्र नाही.

फेब्रुवारी 1864 मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन मिसिसिपीतल्याच मेरिडियन शहरावर चालून गेला. त्याच सुमारास शत्रूचं लक्ष दुसरीकडे वळवायला याझू नदीतून एक तुकडी वर पाठवली. कर्नल जेम्स कोट्सच्या हाताखाली 11वी इलिनॉय पायदळ, कृष्णवर्णीय सैनिकांची 8वी लुईझियाना पायदळ आणि कृष्णवर्णीय घोडदळाची 1ली मिसिसिपी. सोबत मार्मोरा, एक्स्चेंज आणि पेट्रेल या बोटी. 5 मार्चला दक्षिणेच्या दोन ब्रिगेड एकदम तुटून पडल्या, सल रॉसची टेक्सासची आणि रिचर्डसनची टेनेसीची. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या मातीच्या गढीत उत्तरेचा मेजर मॅकी अडकला. त्याला शरण येण्याचा निरोप गेला, त्याने नाकारला. इकडे शत्रू गावात घुसला आणि लढाई रस्त्या-रस्त्यांत आली. दक्षिणेच्या हाती लागलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला गोऱ्यांसारखा युद्धकैदी म्हणून वागवलं जाईल याची शाश्वती त्या काळी नव्हती. त्यामुळे त्या गावात 'हरलो तर शरण जाऊ' हा पर्याय सगळ्यांना सारखा खुला नव्हता.

बोटीवरूनच तोफा का नाही डागल्या? डागल्याच की. पण आपली आणि शत्रूची माणसं शंभर-दोनशे पावलांवर, घरांच्या आडून लढत असतील तर नदीतून टाकलेला गोळा कोणाच्या डोक्यावर फुटेल याचा नेम नाही. मधल्या इमारतींमुळे दिसत नाही, आणि गोळ्याची वात अर्ध्या सेकंदाने चुकली तरी तो आपल्यातच पडतो. रस्त्याच्या तोंडाशी, सरळ समोर बघून मारणारी तोफ हवी असते. म्हणून बोटीतली एक हॉवित्झर चाकांच्या गाड्यावर चढवून किनाऱ्यावर नेली.

ही तोफ कशी होती, ते नीट पाहू. जॉन डालग्रेन या नौदल अधिकाऱ्याने 1850 च्या आसपास नौकांसाठी कांस्याच्या हॉवित्झर बनवल्या, त्यांतलीच ही. साध्या तोफेला नाळेच्या दोन्ही बाजूंना खुंट असतात आणि त्यावर ती गाड्यात बसते. डालग्रेनने खुंट काढून टाकले. नाळेच्या पोटाखाली एक जाड कडी दिली, तिच्यातून एकच आडवा खिळा जातो. खिळा काढला की तोफ नौकेतल्या घसरपट्टीवरून सुटते, लोखंडी गाड्यावर ठेवून तोच खिळा घातला की जमिनीवरची तोफ तयार. मागच्या गोंड्यातून उभा स्क्रू जातो. तो फिरवला की तोंड वर-खाली होतं.

वजनं लक्षात घ्या. गुळगुळीत नाळेची भारी 12 पौंडी सुमारे 760 पौंड, म्हणजे 345 किलो, तोंडाचा व्यास 4.62 इंच. त्याच नावाची आटेदार नाळेची (आतून पिळाच्या खोबणी असलेली) तोफ 880 पौंडांच्या घरात, साधारण 400 किलो, पण तोंड फक्त 3.4 इंच, म्हणजे 86 मिलिमीटर. याझूची तोफ आटेदार होती असं नौदलाच्या जहाज-इतिहासात म्हटलंय, लॅफीच्या प्रशस्तीत नुसतंच '12 पौंडी'. हा फरक क्षुल्लक नाही, पुढे येईलच. गाडा, दारूगोळ्याच्या पेट्या, दोर, बादली, ठासणी आणि सुंबा (नाळ आतून पुसायचा ओला बोळा) धरून एकूण भार सहाशे किलोंच्या वर सहज जातो. आणि ओढायला घोडे नाहीत. लष्कराच्या मैदानी तोफेपुढे सहा घोडे आणि वेगळी दारूगाडी असे. नौदलाच्या तोफेपुढे दोराला लागलेले खलाशी, बस्स.

उतरवण्याचं काम कागदावर सोपं. बोट नाक पुढे करून काठाला टेकवायची, वाफ थोडी चालू ठेवून तिला तिथेच दाबून धरायची, पुढच्या फळ्या काठावर टाकायच्या, गाडा ढकलायचा. चुकतं ते इथे. पहिलं, फळ्यांचं काठाकडचं टोक चिखलात बसतं आणि चाक फळीच्या कडेवरून घसरतं. मार्च महिन्यात या नद्या फुगलेल्या असतात, काठ लोण्यासारखा मऊ. म्हणून टोकाखाली आडवी फळी किंवा लाकडं टाकून भार पसरवावा लागतो. दुसरं, गाड्याला ब्रेक नाही. उताराला लागला तर तोच माणसांना ओढतो, म्हणून पुढे ओढणारे जितके, तितकेच मागच्या दोरावर रोखणारे हवेत. तो दोर खुंटाला दोन वेढे देऊन सोडत न्यायचा, नुसता हातात धरून भागत नाही. तिसरं, गाड्याच्या शेपटीला असलेलं छोटं चाक. सपाट जमिनीवर एकटा माणूस त्यामुळे तोफेचं तोंड वळवू शकतो, पण चिखलात तेच आधी रुततं. मग शेपूट उचलून धरूनच चालायचं. आणि डागण्यापूर्वी ते चाक उलटून वर घ्यायलाच हवं, म्हणजे शेपटी जमिनीत रोवली जाऊन धक्का खाते. विसरलात तर तोफ पहिल्याच बाराला मागे धावते आणि मागच्या माणसाचा पाय घेते.

हे सगळं गोळीबारात. हातात दोर असलेल्या माणसाच्या हातात बंदूक नसते.

तोफ जागेवर लागली की मारा. त्यासाठी छर्रे, म्हणजे डब्यात भरलेल्या गोळ्या, सगळ्यात उपयोगी, पण त्या तीनशे यार्डांच्या आतच खऱ्या चालतात. आणि त्या वेळच्या आटेदार नाळेच्या बंदुकीतून त्याच अंतरावर माणूस टिपता येत होता. म्हणजे तोफेचा सर्वोत्तम पल्ला आणि तोफेवाल्यांना मारण्याचा पल्ला एकच. नेपोलियनच्या काळात तोफ बंदुकीच्या टप्प्याबाहेर राहून छर्रे फेकू शकत होती, 1864 मध्ये ती सोय उरली नव्हती. वर ही आटेदार तोफ असेल तर अरुंद तोंडात छर्रे कमी मावतात, आणि आट्यांमुळे ते गरगरत विखरून जातात. लांबच्या, नेमक्या गोळ्यासाठी ही तोफ चांगली. गल्लीच्या तोंडाशी रुंद तोंडाची गुळगुळीत तोफच मी पसंत केली असती. पण जी हाताशी असते तीच न्यावी लागते.

आता एका बाराचा क्रम. तोफ उडाली की आधी ओला सुंबा आत घालून फिरवायचा, म्हणजे कापडी पिशवीचे जळते तुकडे विझतात. तेवढ्यात मागचा माणूस कान्यावर, म्हणजे दारू पेटवायच्या भोकावर, चामड्याची टोपी घातलेला अंगठा दाबून धरतो. तो ढिला पडला तर ठासताना आतली हवा कान्यातून बाहेर पडते आणि राहिलेल्या निखाऱ्याला फुंकर बसते. मग दारूची पिशवी, एका बाराला साधारण एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. गुळगुळीत नाळेच्या तोफेला डालग्रेनने पिशवी आणि गोळा एकत्र बांधूनच दिले होते, एका हालचालीत काम. आटेदार तोफेला गोळा वेगळा आणि तो घट्ट बसणारा. मग ठासणी, एकदा सरळ, दमदार, तळाला टेकल्याचा हाताला ठोका लागेपर्यंत. बाजूला व्हायचं. नेम. कान्यात ठिणगीची नळी. दोरी ओढायची.

सुंबा आणि ठासणी बहुतेक एकाच दांड्याच्या दोन टोकांना असतात. म्हणून तो दांडा चिरफाळला की दोन्ही गेले, आणि दोन वेगळे धोके एकदम उभे राहतात. सुंबा नसेल तर निखारा राहतो आणि पुढची पिशवी ठासतानाच पेटते. तेव्हा ठासणारा तोंडासमोर हात घालून असतो. त्या काळातल्या तोफखान्यात हात गेलेले लोक बहुधा याच अपघातातले. ठासणी नसेल तर गोळा तळापर्यंत पोचत नाही. दारू आणि गोळा यांत पोकळी राहिली की पेटलेल्या वायूचा मारा थांबलेल्या गोळ्यावर आदळतो, दाब एका जागी उसळतो आणि नाळ फुगते किंवा फुटते. गुळगुळीत नाळेत गोळा निदान आपल्या वजनाने थोडा खाली सरकतो. आटेदार नाळेत तो मध्येच अडकतो. म्हणून तोफ कोणती होती याने इथे फरक पडतो.

अशा वेळी करतात काय? पहिला इलाज म्हणजे दुसरा दांडा, आणि शहाणा तोफवाला तो बरोबर आणतोच. तो नसेल तर मोडलेल्या जागेला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या लावून डांबरी सुतळीने आवळायचं. डोलकाठी चिरली तर जहाजावर हेच करतात, त्यामुळे कोणत्याही सीमनला हे जमतं. पण जोड जाड होतो. 117 मिलिमीटरच्या नाळेत तो खपून जातो. 86 मिलिमीटरच्या नाळेत सुतळीचा वेढा आट्यांना घासतो, उसवतो आणि अडकतो. म्हणून पट्ट्या पातळ आणि वेढा एकेरी. तेही नसेल तर गाडा वळवायचा सरळ सोटा उलटा धरून ठासायचं आणि सुंब्याऐवजी बादलीत बुडवलेलं फडकं काठीला बांधायचं. मारा मंदावतो, पण बंद पडत नाही. याझूला यांपैकी कोणता मार्ग निघाला ते प्रशस्तीत नाही. तोफ चालू राहिली एवढं मात्र तिच्यातून स्वच्छ दिसतं.

गाड्याचंही तेच. डालग्रेनचा मैदानी गाडा हलका, घडीव लोखंडाचा, आणि पुढे ढाल-बिल काही नाही. शिशाची गोळी लोखंडावर आपटली की चपटी होऊन तिचे शिंतोडे उडतात. गाड्याच्या मागे दडलेल्या माणसाच्या हाताला, गालाला, डोळ्याला ते लागतात. म्हणजे गाडा आडोसा वाटतो तितका नाही. खांबामागे उभं राहावं तसं त्याच्यामागे राहून चालत नाही.

मग सोडून का नाही पळाले? घोडे नसलेली सहाशे किलोंची तोफ मागे नेणं म्हणजे पुन्हा त्याच चिखलातून, पाठ शत्रूकडे करून. सोडली तर तीच तोफ दहा मिनिटांत आपल्या बोटीकडे वळते, आणि मार्मोराचा पत्रा 12 पौंडी गोळ्यापुढे काही नाही. घाईत माघार घ्यायची तर निदान कान्यात खिळा ठोकून तोफ निकामी करायची असते, त्यालाही कोणीतरी तिथे थांबावं लागतं. तोफेपाशी थांबणं हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. शेवटी दक्षिणेच्या ब्रिगेडींनी हल्ला आवरता घेतला, आणि त्यानंतर लगेचच उत्तरेच्या फौजेनेही आदेशानुसार गाव सोडलं. म्हणजे ज्या गावासाठी हे सगळं झालं ते कोणीच धरून ठेवलं नाही. याझू नदीत अशा मोहिमा त्या वर्षी बऱ्याच झाल्या. 22 एप्रिलला पेट्रेल बोट याझू सिटीच्या जवळच शत्रूच्या हाती पडली.

पदक एकट्या लॅफीला मिळालं नाही. त्याच तोफेवरच्या विल्यम फ्रँक्स आणि जेम्स स्टॉडर्ड या दोघांनाही तेच. फ्रँक्स मूळचा नॉर्थ कॅरोलिनाचा, म्हणजे दक्षिणेचाच माणूस. स्टॉडर्ड कॅनडात जन्मलेला. तिघांच्या प्रशस्त्या जवळजवळ शब्दशः सारख्या आहेत, नाव तेवढं बदलतं. तेव्हा 'गाडा व ठासणी छिन्न झाली' हे लॅफीचं खासगी वर्णन समजू नका. तो त्या तोफेचा अहवाल आहे. कोणी ठासलं, कोणी नेम धरला, हे त्या वाक्यांवरून ठरवता येत नाही, आणि जे लेख छातीठोकपणे 'लॅफी ठासणीवर होता' असं सांगतात त्यांच्यावर विसंबू नका.

तिघेही साधे नाविक, अधिकारी एकही नाही, याला कारण कायदा. 21 डिसेंबर 1861 च्या कायद्याने नौदलासाठी 200 पदकं मंजूर झाली ती पेटी ऑफिसर (नाविकांतूनच वर आलेले कनिष्ठ हुद्देदार), सीमन, लँड्समन आणि मरीन यांच्यापुरती. नौदलाच्या अधिकाऱ्यांना हे पदक मिळण्याची वाट 1915 साली मोकळी झाली. लष्कराचं पदक 1862 च्या जुलैतलं. आणखी एक फरक लक्षात ठेवा: लष्करातल्या कित्येकांना यादवी युद्धातल्या कामगिरीसाठी पदक तीस-तीस वर्षांनी, स्वतः अर्ज करून मिळालं. लॅफीचं नाव नौदलाच्या 32 क्रमांकाच्या जनरल ऑर्डरमध्ये 16 एप्रिल 1864 ला, म्हणजे बरोबर सहा आठवड्यांत आलं. साक्षीदार जिवंत, आठवण ताजी. अशा नोंदीला मी जास्त वजन देतो. पदक म्हणजे उलटा पाचकोनी तारा, वर नांगर, मध्ये फूट पाडणाऱ्या शक्तीला हाकलणारी मिनर्व्हा ही रोमन देवी. नाव मागच्या बाजूला कोरलेलं.

अशा आयरिश नाविकांचा शोध घेणार असाल तर दोन खड्डे टाळा. नोंदीत लावलेलं राज्य आणि जन्मस्थान या वेगळ्या गोष्टी आहेत, 'मॅसॅच्युसेट्स' पाहून माणूस तिथलाच समजला जातो. दुसरा खड्डा नावाचा. दोनदा मेडल ऑफ ऑनर मिळवणारा डब्लिनचा जॉन कूपर खरं तर जॉन लेव्हर मॅथर. टोपणनावाने भरती होणं नाविकांत सर्रास होतं. पहिलं पदक त्याला ऑगस्ट 1864 च्या मोबाइल बेच्या लढाईतल्या ब्रुकलिन जहाजावरच्या कामगिरीसाठी, दुसरं 1865 मध्ये मोबाइल शहरातल्या आगीतून, फुटणाऱ्या गोळ्यांमधून, एका जखमीला पाठीवर टाकून बाहेर काढल्याबद्दल. म्हणून आधी जहाजाची हजेरीपटं पाहा, मग नाव, मग जन्मगाव. उलट क्रमाने गेलात तर एकाच नावाचे चार जण हाती येतात.

लॅफीचं नाव पुढे अमेरिकन नौदलाने दोन विनाशिकांना दिलं. पहिली 13 नोव्हेंबर 1942 रोजी ग्वादलकनालच्या लढाईत बुडाली. दुसरीवर 16 एप्रिल 1945 रोजी ओकिनावाजवळ सुमारे 80 मिनिटांत 22 विमानं चालून आली, आत्मघाती विमानं आणि बॉम्ब आदळले, 32 मेले, 71 जखमी झाले, पण बोट तरली. ती आज साउथ कॅरोलिनात पॅट्रियट्स पॉइंटला संग्रहालय म्हणून उभी आहे, तिथे जाणारे बहुतेक लोक 1945 ची गोष्ट ऐकायला जातात. तुम्हाला 1864 बघायचं असेल तर तिथे जाऊ नका, मिसिसिपीत व्हिक्सबर्गला जा. याझू सिटीहून साधारण 70 किलोमीटर. मार्मोराची सोबतीण कैरो 1964 साली नदीच्या गाळातून वर काढून तिथल्या राष्ट्रीय सैनिकी उद्यानात मांडली आहे. बोटीचा काठाशी लागणारा पुढचा भाग पाण्यापासून किती कमी उंचीवर असतो ते तिच्याकडे बघून कळतं. तिथे उभं राहून फळ्यांचा उतार मनात धरा आणि सहाशे किलो ढकलायला किती हात लागतील याचा हिशेब करा.